मुलाला फिगर स्केटिंगच करायचंय. सांगलीतून वाट आहे का?

सुईदोरा_सांगली

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीत गावभागात राहतो. मी घरीच ब्लाउज, ड्रेस शिवते. नवरा कुपवाड एमआयडीसीत नोकरीला. थोरली कॉलेजात, धाकटा बारा वर्षांचा, सातवीत. प्रश्न धाकट्याचा आहे.

तो लहानपणापासून चाकांच्या स्केट्सवर आहे. आपल्याकडे स्केटिंग म्हणजे स्पीड. कमरेत वाकून पळायचं आणि आधी पोचायचं. तोही तसाच पळायचा, जिल्ह्याला पदकं आणली. मग मोबाइलवर जपानच्या युझुरू हान्यूचे, बर्फावर संगीताच्या तालात उड्या-फिरक्या घेणाऱ्या फिगर स्केटरचे, व्हिडिओ त्याच्या हाती लागले आणि त्याचं शर्यतीतलं लक्षच उडालं. कुणाचे तरी जुने चारचाकी स्केट्स मागून आणलेत. त्यावर उलटं जायचं, एका पायावर गरगर फिरायचं, उडी मारून एका पायावर उतरायचं, एवढंच चालू असतं. कोपरं-ढोपरं कायम सोललेली. स्पीडचे सर म्हणाले, वेळ घालवू नकोस. तर त्यांना म्हणाला, मला पहिलं यायचं नाही, मला तसं करता यायला पाहिजे.

म्हणून मी स्वतः ते व्हिडिओ बघायला बसले. माझ्या डोळ्यांना आधी कपडा दिसला. सेइमेइ नावाच्या त्याच्या कार्यक्रमात जुन्या जपानी धाटणीच्या रुंद, मोकळ्या बाह्या आहेत. तेवढी मोकळी बाही घालून साधं पळताना माणूस अडखळेल. हा त्यात हवेत चार फेऱ्या घेतो आणि खांद्याची शिवण कुठे ओढली जात नाही. बगलेत जोड दिलेला असणार, नाहीतर हात इतका वर जाणारच नाही. कुणीतरी फार जीव लावून शिवलंय ते.

घरात मतं अनेक. जाऊबाई म्हणतात, पोरींचा खेळ आहे. नवरा म्हणतो, खेळू दे, पण यात पुढं पोट भरतं का ते विचार. सासरे ऐंशीच्या घरातले, नाट्यसंगीताचे वेडे. बालगंधर्व आपल्याच जिल्ह्यातल्या नागठाण्याचे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. त्यांनी सगळा व्हिडिओ अगदी डोळ्यांजवळ धरून बघितला आणि म्हणाले, "समेवर बरोब्बर येतोय की."

मला एवढंच समजून घ्यायचंय: पुरुष स्केटरचं करिअर म्हणजे नेमकं काय असतं? कधी सुरू होतं, कधी संपतं, शरीराचं काय होतं, नंतर काय करतात? आणि जिथं बर्फ नाही तिथल्या पोरानं काय करायचं? कुणाला खरंच माहीत असेल तर सविस्तर लिहा.

तासगाव_बेदाणा

ताई, मला या खेळातलं कळत नाही, पण खेळाडू घडताना जवळून बघितलेत म्हणून लिहितो. आपल्या सांगलीच्या संकेत सरगरचं बघा. वडिलांची पानटपरी. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून रौप्य आणलं, सोनं एका किलोनं हुकलं, तेही कोपर दुखावलेलं असताना. पण सांगलीत वेटलिफ्टिंग आधीपासून होतं. व्यायामशाळा होती, शिकवणारे होते, शेजारी उचलणारी पोरं होती. आधी गावात खेळ पाहिजे, मग त्यातला खेळाडू निघतो. तुमच्या पोराला हवा असलेला खेळ इथं नाहीच. मला वाटतं त्याला स्पीडलाच ठेवा, तिथं निदान सोबत आहे. वाईट वाटून घेऊ नका.

मिरज_फिजिओ

ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी पकडलं तेच पंच बघत असतात. उड्या-फिरक्यांचे गुण वेगळे आणि रचना, सादरीकरण, स्केटिंगची सफाई यांचे वेगळे. सम चुकली की तिथं मार बसतो.

मी मिरजेत फिजिओथेरपिस्ट आहे. हान्यूला २०१४ च्या सोची ऑलिंपिकपासून बघत आले, त्याची एकेक दुखापत वाचत आले, म्हणून त्याच्यावरूनच सांगते.

आधी जाऊबाईंचं. १८९६ साली सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा झाली तेव्हा उतरलेले सगळे पुरुषच होते. १९०२ मध्ये इंग्लंडच्या मॅज सायर्स यांनी नाव दिलं, कारण बायकांना मनाई असं नियमात कुठं लिहिलेलंच नव्हतं, आणि त्या दुसऱ्या आल्या. पहिला आला तो स्वीडनचा उलरिक साल्खोव्ह. साल्खोव्ह ही उडी त्याचीच. अ‍ॅक्सल ही नॉर्वेच्या अ‍ॅक्सल पॉलसनची, आणि तो तर स्पीड स्केटर होता, तुमच्या लेकासारखा.

आता हान्यू. जन्म १९९४, गाव सेंदाई. चार वर्षांचा असताना मोठ्या बहिणीच्या मागं रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, गेला. दमा होता. आणि मी तासगावच्या दादांशी इथं पूर्ण सहमत आहे, कारण त्याच्या गोष्टीत पहिल्यापासून प्रश्न जागेचाच आहे. तो लहान असताना त्याचं रिंक पैशाअभावी बंद पडलं. २००६ ला ट्यूरिन ऑलिंपिकमध्ये जपानच्याच शिझुका अराकावाला सुवर्ण मिळालं, तीही त्याच रिंकवर वाढलेली. तिनं रिंकसाठी आवाज उठवला आणि ते पुन्हा उघडलं. मग ११ मार्च २०११. सराव चालू असताना भूकंप. पायात स्केट्स तशीच ठेवून तो बाहेर पळाला, तेव्हा सोळा वर्षांचा. घराचं नुकसान झालं, कुटुंब निवारा केंद्रात, रिंक फुटलेलं. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा तुमच्या गावभागात काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपलेलं पोर उद्या सराव कुठं करणार, हा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात तरी येतो का? हान्यूनं वाट काढली. जागोजागच्या आइस शोमध्ये भाग घ्यायचा आणि त्या बर्फावर आपला सराव उरकायचा. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्य.

त्यानंतर तो टोरोंटोला ब्रायन ऑर्सर यांच्याकडं गेला. आई सोबत गेली, बाकीचं घर मागं राहिलं. नवरोबांना हे जरूर सांगा, या खेळात एक मूल पुढं जातं तेव्हा कुटुंबाचे दोन भाग होतात. ऑर्सर स्वतः १९८४ आणि १९८८, दोन्ही ऑलिंपिकचे रौप्यविजेते. त्यांच्याच हाताखाली स्पेनचा हाविएर फर्नांडेझ होता. स्पेनला या खेळाची काही परंपरा नव्हती, तरी २०१५ आणि २०१६ ला तो विश्वविजेता झाला, दोन्ही वेळा हान्यूला मागं टाकून. दोघं एकाच बर्फावर सराव करायचे.

२०१४ सोची. स्पर्धेचे दोन भाग असतात, आधी लघु कार्यक्रम, मग दीर्घ. लघु कार्यक्रमात १०१.४५ गुण, ऑलिंपिकमध्ये शंभरच्या वर कुणी पहिल्यांदाच गेलं. दीर्घ कार्यक्रमात मात्र तो दोनदा पडला, तरीही एकूण २८०.०९ वर सुवर्ण. या प्रकारात ते मिळवणारा पहिला आशियाई पुरुष. त्याच वर्षी नोव्हेंबरात शांघायला सरावात चीनच्या यान हानशी त्याची जोरात धडक झाली. डोक्याला पट्टी बांधून तो उतरला, पाच वेळा पडला आणि दुसरा आला. लोक तो व्हिडिओ शौर्य म्हणून फिरवतात. माझा त्याला ठाम विरोध आहे. डोक्याला मार बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला बर्फावर सोडायचं नसतं, त्याची कितीही इच्छा असली तरी. तुमच्या लेकाला तो व्हिडिओ दाखवाल तेव्हा हेही सांगा.

२०१५ च्या शेवटी नागानोत एकूण ३२२.४० गुण, लगेच बार्सिलोनात ३३०.४३. त्याआधी तीनशे कुणीच ओलांडले नव्हते. मग नोव्हेंबर २०१७ ला ओसाकात चार फेऱ्यांच्या लुट्झ या उडीवर पडून उजवा घोटा गेला. मधे एकही स्पर्धा न खेळता तो फेब्रुवारीत थेट प्योंगचांग ऑलिंपिकला उतरला आणि ३१७.८५ वर पुन्हा सुवर्ण. लागोपाठ दोन सुवर्णं याआधी अमेरिकेच्या डिक बटननं मिळवली होती, १९४८ आणि १९५२ ला. १९५२ म्हणजे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबांचं साल. बटन त्या हिवाळ्यात ओस्लोला आणि खाशाबा उन्हाळ्यात हेलसिंकीला.

पण तुमच्या मुलाचं वाक्य वाचून मला आठवलं ते २०२२ चं बीजिंग ऑलिंपिक. लघु कार्यक्रमात पहिल्याच साल्खोव्हला पातं बर्फातल्या खड्ड्यात अडकलं, चार फेऱ्यांऐवजी एकच झाली. आठवा नंबर. अशा वेळी शहाणा खेळाडू जमणाऱ्या उड्या करून वर सरकतो. यानं दीर्घ कार्यक्रमाची पहिलीच उडी चार फेऱ्यांची अ‍ॅक्सल ठेवली. बाकी पाचही उड्या उलटं जाताना मारतात, अ‍ॅक्सल समोर तोंड करून. त्यामुळे तिच्यात अर्धी फेरी जास्त, म्हणजे साडेचार. स्पर्धेत ती तोवर कुणालाही जमली नव्हती. तो पडला. फेरीही थोडी कमी भरली. पण नोंद चार फेऱ्यांची अ‍ॅक्सल अशीच झाली, जगात पहिल्यांदा. एकूण चौथा. सात महिन्यांनी अमेरिकेच्या इलिया मालिनिननं, सतरा वर्षांच्या पोरानं, लेक प्लॅसिडला ती पूर्ण उतरवली. "मला तसं करता यायला पाहिजे" म्हणणारा मुलगा चुकीच्या खेळात नाही, ताई. तो त्या जातीचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

वयाबद्दल. बहुतेक जण चार-पाच वर्षांचे असताना सुरू करतात, हे खरं. पण हान्यू ज्याला आदर्श मानायचा तो अमेरिकेचा जॉनी वेअर बाराव्या वर्षाच्या सुमारास लागला. घरामागच्या मक्याच्या शेतात साचलेल्या पाण्याचा बर्फ व्हायचा त्यावर, आणि घराच्या तळघरात चाकांच्या स्केट्सवर. पुढं तीनदा अमेरिकेचा विजेता, दोन ऑलिंपिक. आणि बर्फ नसलेल्या देशांतून? फिलिपिन्सचा मायकल मार्टिनेझ मॉलमधल्या रिंकवर शिकला, त्यालाही दमा. २०१४ ला सोचीत १९ वा आला. मेक्सिकोचा दोनोवान कारिओ मॉलच्या रिंकवर सराव करून २०२२ ला बीजिंगला दीर्घ कार्यक्रमापर्यंत पोचला. पदकं नाहीत, पण ती मुलं तिथं उभी राहिली.

आपल्याकडची स्थिती कठीण आहे. शिमल्याचं जुनं रिंक थंडीवर चालतं, हवा तापली की बर्फ गेला. डेहराडूनचं २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी बांधलं, वर्षानुवर्षं बंद पडून होतं, २०२५ ला पुन्हा सुरू झालं. सांगलीहून दोन्हीकडं रोज जाता येत नाही. म्हणून तो चाकांवर करतोय ते अगदी योग्य आहे. त्यातच नीट शिकवणारं कुणीतरी शोधा.

सुईदोरा_सांगली

मॅडम, काय बोलू. पुराचं वाचून थांबले. आमची दोन्ही मशिनं तेव्हा पाण्यात गेली होती. आम्हीही शाळेतच होतो आणि हा लहानगा वर्गातल्या गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरत होता. तेव्हा रागावले होते मी त्याला.

तासगावचे दादा, वाईट अजिबात वाटलं नाही, तुमचं म्हणणं बरोबर आहे.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. सकाळी उठल्यावर तो टाचा टेकवत नाही, चवड्यांवर चालतो. तासाभरानं ठीक होतं. आधी मी नाटक समजत होते. दुसरं, मागून आणलेले स्केट्स त्याला चालतील का? आणि नवऱ्याचा प्रश्न आहेच, पोटापाण्याचा.

सातारा_रोलर

ताई, मी साताऱ्यात मुलांना रोलर शिकवतो. त्यातली बहुतेक स्पीडची, पण मी स्वतः आर्टिस्टिक केलंय. तुमचा मुलगा करतोय त्याला आपल्याकडं आर्टिस्टिक स्केटिंग म्हणतात आणि त्याच्या रीतसर स्पर्धा होतात, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय. फिगर्स, फ्री स्केटिंग, सोलो डान्स, पेअर असे प्रकार. हा खेळ भारताला नवा नाही. २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत हैदराबादच्या अनुपकुमार यामानं फ्री स्केटिंगमध्ये कांस्य आणलं आणि अवनी पांचाळबरोबर पेअरमध्ये दुसरं कांस्य. २०१५ चा अर्जुन पुरस्कार त्याला आहे. मुलाला त्याचंही नाव माहीत पाहिजे.

उड्या त्याच आहेत: टो-लूप, साल्खोव्ह, लूप, फ्लिप, लुट्झ, अ‍ॅक्सल. उतरायचंही तसंच, उलटं, एका पायावर, बाहेरच्या कडेवर. फरक असा की बर्फावर पात्याच्या दोन धारा असतात आणि पुढं दाते असतात. आपल्याकडं चार चाकं, पुढं टो-स्टॉप म्हणजे रबरी अडकण, आणि कड घ्यायची ती बुटाखालच्या ट्रकला, म्हणजे चाकांची जोडी धरणाऱ्या भागाला, झुकवून. ट्रक फार आवळलेला असला तर स्केट वळतच नाही. मागून आणलेल्या स्केट्समध्ये हे आधी तपासा. बूट घोट्याच्या वर येणारा, कडक हवा, आणि मापाचा. "पुढच्या वर्षी होईल" म्हणून मोठा घेऊ नका, आत पाय हलला की उडी गेली आणि घोटाही गेला.

पहिलं काम उड्यांचं नाही. गोल आखून त्यावर एका पायावर, आतल्या कडेनं, बाहेरच्या कडेनं, सरळ आणि उलटं. बर्फावर हे फिगर्स १९९० नंतर स्पर्धेतून गेले, चाकांवर अजून आहेत आणि मी म्हणेन ते आपलं भाग्य आहे. मुलं कंटाळतात, पण ज्याची कड पक्की त्याची उडी आपोआप सरळ जाते. १९९८ ची ऑलिंपिक विजेती तारा लिपिन्स्की आधी चाकांवरच होती, मग बर्फावर गेली.

पोटापाण्याचं स्पष्ट सांगतो. आर्टिस्टिकमध्ये पैसा नाही. खर्च आहे. बूट, चाकं, प्रवास. शिकवणं हीच मुख्य मिळकत, माझीही तीच. त्यामुळे शाळा सोडायची नाही, दहावीला सुट्टी मागायची नाही. बर्फावरच्या मोठ्या लोकांनीही शिक्षण धरून ठेवलंय. बीजिंगला सुवर्ण जिंकलेला नेथन चेन येल विद्यापीठात शिकत होता.

आमची खरी अडचण जमिनीची. खडबडीत कोब्यावर चाकं झिजतात, घरगुती फरशीच्या सांध्यात अडकतात, डांबरावर तर नकोच. गुळगुळीत, अखंड, छपराखालची जागा लागते. ती मिळाली तर महिन्यातून एखाद्या रविवारी मी सांगलीला येऊन बघून जाईन. फीचं नंतर बोलू.

मिरज_फिजिओ

ताई, टाचेचं नाटक नाही. या वयात हाडं भराभर वाढतात, टाचेच्या मागच्या बाजूला वाढीची पट्टी असते, पोटरीचा स्नायू तिला ओढत राहतो. त्यात उड्या. याला सिव्हर्स म्हणतात. गुडघ्याखाली असंच दुखून टेंगूळ आलं तर ते ऑसगुड-श्लाटर. दोन्ही वाढ पूर्ण झाली की थांबतात, पण दुखत असताना मारून नेलं तर मूल महिनोन् महिने लंगडतं. आधी हाडांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा, मग माझ्याकडं किंवा जवळच्या कुणाही फिजिओकडं न्या. तोवर उड्या बंद. सरांनी सांगितलेले गोल चालू ठेवा, ते दुखत नसतील तर. पोटरी सैल करायची, बर्फानं शेकायचं, अनवाणी फरशीवर उड्या नाहीत.

उतरताना एका पायावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. म्हणून रोजच्या उड्या मोजायच्या आणि ठरल्या की थांबायचं. हे मोजण्याचं काम आईकडं द्या, मुलगा कमीच सांगेल.

नंतरच्या आयुष्याबद्दल थोडं. हान्यूनं जुलै २०२२ ला, सत्ताविसाव्या वर्षी स्पर्धा सोडली. स्केटिंग सोडलं नाही. फेब्रुवारी २०२३ ला टोकियो डोममध्ये त्याचा एकट्याचा कार्यक्रम झाला. ते नशीब एखाद्याचंच. बाकीचे शो करतात, शिकवतात, नृत्यरचना बसवतात. ऑर्सर आधी शोमध्ये होते, मग प्रशिक्षक झाले.

आणि कपडा तुम्हीच शिवा. बर्फावरच्या नियमात खडा किंवा पीस गळून पडलं तरी एक गुण कापतात. त्यामुळे चिकटवलेलं काही नको.

तासगाव_बेदाणा

सातारकर सर, गुळगुळीत आणि अखंड म्हणजे ट्रिमिक्स, मशिननं घोटलेलं काँक्रीट, चालेल का? आमची बेदाणा निवडायची शेड आहे तासगाव-सांगली रस्त्याला. खाली ट्रिमिक्स केलेलं, वर पत्रा, लांबी-रुंदी चांगली. उन्हाळ्यात निवडणीच्या बायका आणि बॉक्स असतात, तेव्हा जमणार नाही. जूनमध्ये माल स्टोरेजला गेला की दिवाळीनंतरपर्यंत रिकामीच असते. जमिनीत साखर बसलेली असते, ती गरम पाण्यानं धुवून घ्यावी लागेल, ते मी बघतो. भाडं नको. ताई, टाच बरी झाली की कळवा. सर, तुम्ही येताना गोल आखायला काय लागतं, खडू की पेंट, तेवढं आधी सांगा.